नजरेनं चोरलेली विद्या

फियाटचा पॉइंट लावायची वेळ आली की आण्णा पाठ फिरवायचे. तोवर सगळं आमच्यासमोर चालायचं. प्लग काढणं, टॅपेट लावणं, कार्ब्युरेटर खोलून जेट पेट्रोलमध्ये धुणं, यातलं काही त्यांनी पोरांपासून लपवलं नाही. पण डिस्ट्रिब्युटरची टोपी निघाली, रोटर बाजूला झाला, की ते बॉनेटखाली असे वाकायचे की त्यांच्या खांद्याआड सगळं झाकून जायचं. मी त्यांचा पोटचा पोरगा. पण त्या पाच मिनिटांपुरता मीही परका असायचो.

वाईत, पाचगणीला जाणाऱ्या रस्त्याला आमचं गॅरेज. पत्र्याची शेड, पुढं चिंचेचं झाड आणि गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा. मे महिना आमचा सुगीचा. मुंबईची बिऱ्हाडं कॅरिअरवर होल्डॉल बांधून महाबळेश्वरला निघायची आणि पसरणीच्या घाटात निम्म्या वाटेवर गाड्या दम टाकायच्या. कुणीतरी एखाद्या ट्रकमधून खाली यायचा, घामानं डबडबलेला, आणि विचारायचा, "मिस्त्री आहेत का?" आण्णा पेटी उचलायचे, मी पाण्याचा डबा आणि फडकी घ्यायचो. निम्म्या गाड्यांचं दुखणं एकच असायचं. चढावर इंजिन तापलं की पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची. पंप वाफच ढकलत बसायचा आणि कार्ब्युरेटर कोरडा पडायचा. याला व्हेपर लॉक म्हणतात हे मला पुढं कळलं. आण्णा ओलं फडकं पंपाला गुंडाळायचे, बिडी पेटवायला गाडीपासून लांब जायचे आणि परत येऊन सेल्फ मारायला सांगायचे. गाडी सुरू व्हायची. आतल्या बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते मला पैशापेक्षा मोठं वाटायचं.

गाड्या तरी किती जातीच्या होत्या! फियाट, अँबॅसेडर, जीप. त्यातली फियाट आमची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कुर्ल्याला ती बनवायची. आधी फियाट अकराशे, पुढं पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि बॉनेट उघडलं की आत खालची जमीन दिसेल इतकी मोकळी जागा. हात घालायला जागा होती म्हणून शिकायलाही जागा होती, असं मला आता वाटतं.

आण्णांची तपासणी बॉनेट उघडायच्या आधीच सुरू व्हायची. मागे जाऊन धूर बघायचा. निळा असला तर ऑइल जळतंय, काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय. मग लांब पेचकसाचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायची. कोणत्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय हे त्या लोखंडातून त्यांना ऐकू यायचं. शेवटी प्लग काढून तळहातावर घ्यायचा. काजळी धरलेला प्लग वेगळं सांगतो, पांढरा पडलेला वेगळं, आणि चहाच्या रंगाचा निघाला की इंजिन सुखी आहे असं समजायचं. त्या गाडीत असं काहीही नव्हतं जे माणसाच्या डोळ्याला, कानाला, नाकाला किंवा बोटाला कळणार नाही. हे वाक्य मी फार जपून लिहितोय, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पॉइंटचं मात्र तीन वर्षं कळलं नाही. दोन छोटे धातूचे ओठ, ते उघडले की कॉइलमध्ये झटका तयार होतो आणि प्लगला ठिणगी पडते. त्यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी लागतं. आण्णांकडं फीलर गेज होतं, पण घाटात ते दुमडलेल्या पोस्टकार्डावर भागवायचे. पोस्टकार्ड मला लवकर कळलं, कारण कामानंतर ते पेटीत परत जायचं आणि त्याला घडीवर काळी रेघ पडलेली असायची. अडलं होतं ते टायमिंगपाशी. एका संध्याकाळी अंधार पडायला आला असताना ते असेच वाकलेले होते. मला त्यांची पाठ आणि उजवं कोपर एवढंच दिसत होतं. कोपर तसूभर हललं आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर पिवळा उजेड पडला. कोपर मागं आलं, उजेड गेला. पुन्हा पुढं, पुन्हा उजेड. मग कोपर थांबलं आणि स्क्रू आवळल्याचा आवाज आला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. टेस्टिंगची बत्ती पॉइंटच्या वायरला लावलेली आहे, पॉइंट उघडला की ती पेटते, आणि पुलीवरच्या खुणेपाशी इंजिन आणून ठेवलं असेल तर ती पेटण्याचा क्षण म्हणजेच ठिणगीचा क्षण. एवढं मी उजेडावरून जुळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा जेवायला गेले असताना मी एका अँबॅसेडरचं टायमिंग लावलं. ते परत आले, गाडी घाटात घेऊन गेले. चढावर टॉप गिअरला एक्सिलेटर दाबला की खडे वाजल्यासारखा बारीक आवाज यावा आणि लगेच जावा, ही त्यांची परीक्षा. परत आल्यावर गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "कुठनं शिकलास?"

"तुमच्या कोपराकडनं," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी पाठ फिरवली नाही. खूप वर्षांनी सांगितलं, पुण्यात नाना पेठेत ज्या उस्तादाकडं ते राहिले तोही अशीच पाठ फिरवायचा, आणि त्यांनीही तसंच चोरून घेतलं होतं. मला यात कंजूषपणा वाटत नाही. ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्याची तीच शेती. आणि कुंपण होतं ते एका माणसाच्या पाठीएवढंच. ज्याला खरंच हवं होतं तो शेजारी उभा राहून, झाडलोट करून, पाने पुसून, नजर ठेवून ते ओलांडू शकायचा. आमच्या धंद्यातली सगळी विद्या अशीच पिढ्यान् पिढ्या चोरली गेली आहे.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि दोन-चार वर्षांत आमच्याकडंही दिसायला लागली. आण्णा आधी तिला डबा म्हणायचे, पुढं तिच्यावर जीव टाकायला लागले, कारण तिला कार्ब्युरेटर होता आणि ती घाटात तापत नव्हती. खरा बदल २००० च्या आसपास झाला. प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कार्ब्युरेटर गेला. पेट्रोल किती आणि कधी सोडायचं हे आता एक छोटा संगणक ठरवू लागला. पहिली एमपीएफआय गाडी शेडमध्ये आली तेव्हा आण्णांनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत उभे राहिले. जिथं कार्ब्युरेटर असायचा तिथं तो नव्हता.

त्या सुरुवातीच्या सुझुकी इंजिनांत एक सोय होती, तिची मला अजून आठवण येते. डायग्नोसिसच्या सॉकेटमध्ये वायरचा तुकडा लावून दोन टोकं जोडली की डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकायचा. एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा लुकलुकला म्हणजे बारा. बारा म्हणजे दोष नाही. दुसरा आकडा आला की वहीत बघायचं. आण्णांना हे फार आवडलं. चष्मा पुसून ते मोजत बसायचे. त्यांच्या बत्तीसारखीच ती एक बत्ती होती. कुणाच्याही डोळ्याला दिसणारी, कुणालाही मोजता येणारी.

मग आपल्याकडं चारचाकींना ओबीडी, म्हणजे गाडीनं आपले दोष आपणच नोंदवायची सोय, सक्तीची झाली. पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून, दुसरा २०१३ पासून. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट आलं. जगभर एकाच आकाराचं, आणि कोडसुद्धा एकसारखे. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दमलाय. बाजारात हजार-दीड हजारात ब्लूटूथचे छोटे रीडर मिळायला लागले, मोबाईलवर आकडे दिसू लागले. मला वाटलं, चला, दार उघडलं.

ते दार ओसरीचं होतं. कायद्याला हवा स्वच्छ ठेवायची होती, म्हणून धुराशी संबंधित माहिती सगळ्यांना मोकळी झाली. एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, चावी, गिअरबॉक्स, दारं-खिडक्या यांचा कारभार आतल्या खोल्यांत, आणि प्रत्येक खोलीचं कुलूप कंपनीचं. टोयोटाचं टेकस्ट्रीम, ह्युंदाईचं जीडीएस, मारुतीचं एसडीटी, फोक्सवॅगनचं ओडिस, बीएमडब्ल्यूचं इस्टा, मर्सिडीजचं झेंट्री. नावं पाठ झाली, हात मात्र लागला नाही. पूर्वी दहा-अकराचा पाना सगळ्या गाड्यांना चालायचा. आता प्रत्येक घराण्याची भाषा निराळी, आणि ती बोलणारं यंत्र त्यांच्याच घरात.

आणि कामं तरी कोणती! मागचे ब्रेक पॅड बदलायचे. ब्रेकचं काम मी दहाव्या वर्षी केलंय. पण गाडीला बटणाचा हँडब्रेक असेल तर कॅलिपरमधली मोटर आधी मागं घ्यायला सांगावी लागते, आणि ते सांगायचं यंत्रानं. डिझेलच्या काही गाड्यांत नवा इंजेक्टर बसवला तर त्याच्या डोक्यावर कोरलेला आकड्या-अक्षरांचा कोड संगणकात लिहावा लागतो. प्रत्येक इंजेक्टर केसभर वेगळं डिझेल सोडतो, तो फरक संगणकाला आधी कळवायचा. काही महागड्या गाड्यांत तर नुसती बॅटरी बदलली तरी तिची नोंद करावी लागते. यातलं प्रत्येक काम कारणाशिवाय नाही, हे मी मान्य करतो. इंजेक्टरचा कोड ही तर सुंदर गोष्ट आहे. आण्णा सगळे टॅपेट कानानं सारखे करायचे, तेच काम इथं आकड्यानं होतं. माझं दुखणं यंत्र आलं याचं नाही.

एक प्रसंग सांगतो. वाईतल्या एका डॉक्टरांची ऑटो-गिअरची छोटी गाडी होती. क्लचचा पाय नाही, क्लच आणि गिअर यंत्र दाबतं. क्लच प्लेट संपली होती. मी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग बदललं, सगळं मापात बसवलं. काम इतकं स्वच्छ झालं की मी स्वतःच दोनदा वाकून बघितलं. इंजिन सुरू झालं. गिअरला टाकली की दिवा लागे आणि गाडी पुन्हा न्यूट्रल. जागची हलेना. कारण जुन्या झिजलेल्या प्लेटचा क्लच कुठं पकडतो हे त्या संगणकाच्या डोक्यात बसलेलं होतं, आणि नव्या प्लेटचा नवा बिंदू त्याला शिकवायला कंपनीचं यंत्र हवं होतं. टो करून गाडी मोठ्या वर्कशॉपला नेली. ग्राहकांना बसायला जागा होती, पुढं काच, काचेपलीकडं दुरुस्तीची जागा. आत यायला परवानगी नव्हती. एका पंचविशीतल्या मुलानं सॉकेटला पेटी लावली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि काचेकडं पाठ करून बसला. पाच-सात मिनिटं. क्लच आतबाहेर होताना त्याच्या खांद्याची हालचालसुद्धा दिसत नव्हती, फक्त एक बोट. गाडी हलली. बिल आलं, मी दिलं.

येताना गाडी चालवत होतो आणि मला आण्णांची पाठ आठवत होती. त्या पाठीमागून उजेड तरी सांडायचा. त्या मुलाला मी विचारलं होतं, मला शिकवशील का. तो भला पोरगा होता. म्हणाला, "काका, मलाही माहीत नाही आत काय होतं. ते म्हणतं पुढं जा, मी पुढं जा दाबतो. आणि लॉगिन रोज बदलतं." चोरण्यासारखं त्याच्याकडंही काही नव्हतं. तो त्या शेतात राबत होता, शेती त्याची नव्हती. मला माझ्या टोच्या पैशापेक्षा याचं वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

यावर आपल्या देशात निवाडा झालेला आहे, हे आमच्यातल्या पुष्कळ जणांना माहीत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजांना न देणं ही मक्तेदारी आहे आणि ती खुली करा, असं आयोग म्हणाला. पुढं प्रकरण अपिलात गेलं. २०२२च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं तर २०१२ सालीच हा कायदा केला. कागदावर आमची बाजू बरोबर आहे, हे वाचून मला बळ आलं होतं. शेडमध्ये मात्र रोजची गाडी रोज दुरुस्त करायची असते.

म्हणून मी अनेक कंपन्यांना चालणारा एक स्कॅनर घेतला. टॅबलेटसारखा, बराच महाग. जमतील तेवढ्या घराण्यांच्या भाषा त्याला येतात, आणि क्लच शिकवण्याचं ते काम आता आमच्या शेडमध्ये होतं. पण दरवर्षी अपडेटचे पैसे भरावे लागतात. भरले नाहीत तर नवी गाडी तो ओळखत नाही. आण्णांच्या पेटीतला चौदा-पंधराचा पाना त्यांनी लग्नाच्या आधी घेतलेला आहे. तो कधी संपला नाही. त्याची मुदत कुणी ठरवली नव्हती.

तरीही यंत्रानं मला काय दिलं ते न सांगणं खोटेपणा होईल. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या मे महिन्यातली गोष्ट. घाटातून फोन आला. पेट्रोल गाडी, चढावर बंद पडली, तासाभरानं आपोआप सुरू झाली, पुन्हा बंद. आण्णा ऐंशी ओलांडलेले, पण म्हणाले, मी येतो. पोचल्यावर गाडीतूनच म्हणाले, "व्हेपर लॉक. फडकं भिजव." मला माहीत होतं की आता पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली येतं, त्यामुळं तशी वाफ सहसा होत नाही. रीडर लावला. कोड एकही नाही. मग मोबाईलवर चालू आकडे उघडले आणि त्या गृहस्थांना सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन गरगर फिरत होतं, आणि स्क्रीनवर आरपीएम शून्य. म्हणजे इंजिन फिरतंय हे संगणकाला कळतच नाही, म्हणून तो ना ठिणगी देतोय ना पेट्रोल. क्रँक सेन्सर. तापला की त्याच्या आतली बारीक तार सुटते, गार झाला की जुळते.

मी आण्णांना स्क्रीन दाखवली. त्यांनी विचारलं, तो सेन्सर कुठं असतो? मी दाखवला. त्यांनी ओलं फडकं त्याच्यावर धरायला लावलं. थोड्या वेळानं सेल्फ मारला. आरपीएम दोनशेवर गेला आणि गाडी सुरू झाली. तेवढ्या दमावर ती आम्ही वाईपर्यंत उतरवली आणि सेन्सर बदलला. पूर्वी असं लपंडाव खेळणारं दुखणं आलं असतं तर आम्ही कॉइल बदलली असती, प्लग बदलले असते, गिऱ्हाईक चार वेळा परत आलं असतं. त्या शून्यानं आमचे आठ दिवस आणि त्या माणसाचे पैसे वाचवले. गाडीत परत बसल्यावर आण्णा मोबाईल हातात धरून वाटभर आकडे बघत होते. पाण्याचं तापमान, आरपीएम, ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट. चढ, उतार, वळण, आणि त्याबरोबर हलणारे आकडे. पेचकस कानाला लावल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

अशा गोष्टी मी आता एका वहीत लिहितो. लांबट, लाल कापडी पाठीची वही, किराणा दुकानात मिळते तशी. कोणत्या गाडीला कोणता कोड आला आणि खरं दुखणं काय निघालं. कारण कोड तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. पी ०१७१ आला म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि बहुतेक वेळा कुठला तरी रबरी पाइप चिरलेला असतो. वहीत असंही लिहिलंय की कंपनीचं टूल नसेल आणि गाडीतले सगळे संगणक एकदम मुके झाले असतील तर बॅटरी सोडवून सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये साधा मीटर लावा. बॉशनं १९८६ साली मांडलेल्या त्या दोन पिळलेल्या तारांवर सगळे संगणक एकमेकांशी बोलतात. तिथं साठ ओहम दाखवलं तर तारा शाबूत आहेत, एकशे वीस दाखवलं तर कुठंतरी एका बाजूचा दुवा तुटलाय. ही गोष्ट कुणाच्या लॉगिनमध्ये नाही. साडेतीनशे रुपयांचा मीटर पुरतो. ती कळली त्या दिवशी मला पत्र्यावरच्या उजेडाची रात्र आठवली होती.

सध्या आमच्याकडं पसरणीचा एक सतरा वर्षांचा पोरगा आहे. आयटीआयला जातो, दुपारनंतर येतो. मागच्या महिन्यात चहा घेऊन शेडकडं परत येत होतो. तो बाकावर वाकलेला होता, माझ्याकडं पाठ, आणि कोपर थोडं थोडं हलत होतं. जवळ आल्यावर दिसलं, माझी वही उघडी होती आणि तो मोबाईलनं एकेका पानाचा फोटो काढत होता. मी चिंचेखालीच थांबलो. त्याचं उरकेपर्यंत गार झालेला चहा घोट घोट पीत राहिलो.

तेव्हापासून चहाला जाताना मी वही मिटत नाही.